जुन्या रस्त्याचा १,२०० टन माल पडलाय, डीबीएममध्ये ३० टक्के टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. कराडच्या बाजूला वडिलांचा हॉट मिक्स प्लांट आता तुम्ही बघता, बॅच प्लांट (एकेक घाणा मोजून मिसळणारा) आहे, एका रस्त्याचं मिलिंग करून, म्हणजे मशीनने वरचा थर खरवडून, आणि दुसरा रस्ता जेसीबीने उखडून निघालेला अंदाजे १,२०० टन काळा माल प्लांटच्या मागे पडलाय. पुढचं काम साधारण १० किमी डीबीएमचं (सगळ्यात वरच्या थराखालचा जाड डांबरी थर) आहे, कुणीतरी सांगितलं की ३० टक्के जुना माल बिनधास्त टाका, आणि उपअभियंता साहेब म्हणतात जुना माल अजिबात चालणार नाही. मग खरं काय.

खरं दोघांच्या मधे कुठेतरी आहे. जुना माल चालतो, चांगला चालतो. पण तुमच्या प्लांटवर, आत्ता, त्या ढिगातून ३० टक्के? मी टाकणार नाही. १० पासून सुरू करा, सगळं जुळलं तर १५. आणि टक्का किती हा प्रश्न मुळात दुसरा आहे, पहिला प्रश्न ढीग कसा आहे. मी गेली बावीस वर्षं प्लांट आणि लॅब या दोन्ही ठिकाणी काढलीत आणि रिसायकलिंगचं जे काही बिघडलेलं बघितलंय ते मशीनमुळे क्वचित, ढिगामुळे जास्त.

आधी त्या ढिगात आहे काय ते बघू. आपल्याकडची खडी म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट, तो दहा-पंधरा वर्षं रस्त्यात राहून काही खराब होत नाही, दगड तो दगडच. वजनात ९५ टक्क्यांच्या वर तोच आहे. उरलेलं साडेचार-पाच टक्के डांबर. १,२०० टनाला साडेचारने धरलं तर ५४ टन डांबर तुमच्या प्लांटमागे उन्हात पडलंय. डांबराचा भाव रिफायनरीवाले दर पंधरवड्याला बदलतात, तरी टनाला पन्नास हजार धरून बघा, सत्तावीस लाखांचं होतं. हा हिशेब ऐकला की प्रत्येक ठेकेदाराचे डोळे चमकतात, माझेही चमकले होते. पण ते ५४ टन सगळं कामाला येत नाही. जुनं डांबर खडीला घट्ट चिकटलेलं असतं, मिक्सरमध्ये जो अर्धा-पाऊण मिनिट मिळतो त्यात ते सगळं वितळून नवीन डांबरात मिसळेल असं नाही, काही भाग तसाच काळ्या दगडासारखा राहतो. म्हणून डिझाइन करताना सगळं जुनं डांबर नवीन डांबरातून वजा केलं की मिक्स कोरडं पडतं आणि दोन वर्षांत वरून खडी सुटायला लागते. मी तीन चतुर्थांशच धरतो, पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून.

डांबराला होतं काय ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. नवा गूळ बोटाने दाबला तर दबतो, तोच दोन वर्षं ठेवलेला असला तर ढेपेला बत्ता घालावा लागतो, डांबराचं तसंच. हवेतला ऑक्सिजन त्यातले तेलकट घटक खात जातो, ते कडक घटकांत बदलत जातात. यातला मोठा हिस्सा तर पहिल्याच दिवशी होतो, प्लांटमध्ये १५०-१६० डिग्रीला खडीवर पातळ थर बसतो तेव्हा, बाकीचं रस्त्यावर ऊन खात वर्षानुवर्षं. व्हीजी-३० (आपला नेहमीचा डांबराचा ग्रेड) नवीन असताना पेनिट्रेशन, म्हणजे सुई किती आत शिरते तो आकडा, कमीत कमी ४५ लागतं, आकडा लहान तेवढं डांबर कडक, दहा-बारा वर्षांच्या रस्त्यातून काढलेल्या डांबराचं मी स्वतः २० च्या खाली बघितलंय. वरच्या चार सेंटिमीटरात सगळ्यात वाईट, खालच्या डीबीएममध्ये तेवढं नाही कारण तिथे ऊन-हवा कमी पोचते.

तर हे कडक डांबर मऊ कशाने करायचं. अमेरिकेतली जी पद्धत जगभर वापरली जाते ती अशी की १५ टक्क्यांपर्यंत जुना माल असेल तर नवीन डांबराचा ग्रेड बदलायची गरज नाही, १५ ते २५ मध्ये एक ग्रेड मऊ घ्या, आणि २५ च्या वर गेलात तर जुनं डांबर वेगळं काढून, त्याच्या टेस्ट करून, ब्लेंडिंगचा चार्ट काढूनच ठरवा. आपल्याकडे एक ग्रेड मऊ म्हणजे व्हीजी-३० च्या जागी व्हीजी-१०, व्हीजी-२० सहज मिळत नाही. किंवा रिज्युव्हिनेटर नावाचं तेलासारखं रसायन मिळतं ते. एक विनंती, गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मिक्स छान चकचकीत दिसतं, पहिल्या आठवड्यात साहेबसुद्धा खूश होतात, आणि मेच्या उन्हात चाकांच्या पट्ट्यात नाल्या पडतात.

आता ढीग. तुम्ही लिहिलंय की अर्धा माल मिलिंग मशीनचा आहे आणि अर्धा एका फाट्यावरचा रस्ता जेसीबीने उखडून आणलेला. हे दोन वेगळे माल आहेत हो. मिलिंग मशीनच्या ड्रमवर टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे दात असतात, ते ठरलेल्या खोलीला खरवडतं, चार सेंटिमीटर म्हटलं तर चारच, म्हणजे फक्त बीसी, सगळ्यात वरचा डांबरी थर, येतो, स्वच्छ. जेसीबीच्या बकेटने उचकटलं की बीसी, डीबीएम, खालची डब्ल्यूएमएम (बिनडांबराची ओली दाबलेली खडी), साईडपट्टीचा मुरूम, गवताची मुळं सगळं एकत्र. त्यात ढेकळं दोन-दोन फुटांची. आता ते ढीग एकमेकांत मिसळले असतील तर स्वच्छ मालाचीही किंमत गेली. मिसळले नसतील तर आज, उद्या नाही, लोडर लावून मधे अंतर पाडा. जेसीबीचा माल हॉट मिक्समध्ये घालूच नका, तो कुठे जाईल ते पुढे सांगतो.

मिलिंगच्या मालालाही एक खोड आहे. दात खडी फोडतात. वीस एमएमची खडी रस्त्यात घातली होती म्हणून ढिगात वीसचीच सापडेल असं नाही, बारीक जास्त होतं, ७५ मायक्रॉनच्या खालची धूळ तर दुप्पटही होऊ शकते. मशीन खूप हळू चालवली की अजून बारीक. आणि डांबर बारकाव्यालाच जास्त चिकटलेलं असतं कारण त्याचा पृष्ठभाग जास्त. म्हणजे ढिगाच्या पायथ्याशी मोठी ढेकळं घरंगळत येतात तिथलं डांबर साडेतीन टक्के निघेल, आणि वरच्या बारीकमधलं सहा. एकाच ढिगात. ज्याने एका ठिकाणची एक घमेली उचलून लॅबला पाठवली त्याचं डिझाइन हवेत गेलं.

म्हणून चाळायचं. ढेकळं आधी इम्पॅक्टरमधून हलकी फोडून घ्यायची (खडी फोडायची नाही, चिकटलेले गड्डे सुटे करायचेत, एवढंच), मग ६ एमएमच्या वरचं आणि खालचं असे दोन ढीग. दोन वेगळे कोल्ड बिन (प्लांटला थंड माल पुरवणारे हौद) मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर निदान ६ एमएमच्या वरचाच वापरा. मी दर दोनशे टनाला एक सॅम्पल घेतो, ढिगाच्या पाच-सहा जागांवरून, वरचा फूटभर थर बाजूला सारून आतलं, मग सगळं मिसळून चौथाई करून (चार भाग पाडून समोरासमोरचे दोनच घ्यायचे). लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजच्या वाटीत घालून सॉल्व्हंट ओतायचं, झाकण घट्ट करायचं, फिरवायचं. पहिल्यांदा नळीतून जे येतं ते शाईसारखं, दुसऱ्यांदा कोऱ्या चहासारखं, चौथ्या-पाचव्या फेरीला गवती चहाच्या पाण्यासारखं पिवळट, ते जवळपास पांढरं झालं की थांबायचं. मग खडी वाळवून वजन, फिल्टर पेपरचं वजन, धूळ किती गेली ते. जुन्या मालाला एक-दोन फेऱ्या जास्त लागतात, आमचा पोरगा घाई करून तीनमध्ये थांबायचा आणि डांबर अर्धा टक्का कमी दाखवायचा, मग त्या अर्ध्या टक्क्याने आम्ही नवीन डांबर जास्त घालायचो आणि रोलरखाली मिक्स सरकायचं, महिनाभर कारण सापडत नव्हतं. खिडकी उघडी ठेवून करा बरं का, तो वास चांगला नाही.

आता पाणी. हा माझा आवडता विषय, आवडता म्हणजे सगळ्यात जास्त मार खाल्लेला. मी साधा हिशेब मांडतो, कागद घेऊन तुम्हीही करा. समजा मिक्स १५५ डिग्रीला बाहेर काढायचंय आणि जुना माल थंडच, ३० डिग्रीचा, सरळ पगमिलमध्ये, म्हणजे प्लांटच्या मिक्सरमध्ये, टाकताय. मग त्याला तापवायची उष्णता आणायची कुठून, नवीन खडीतूनच. १५ टक्के जुना माल आणि तो अगदी कोरडा असेल तर नवीन खडी १७७ ला तापवावी लागते. ठीक आहे, जमतं. तोच माल ५ टक्के ओला असेल तर त्यातलं पाणी उकळून वाफ करण्यात एवढी उष्णता जाते की खडी २०० च्या पुढे न्यावी लागते. आता ३० टक्के घ्या. कोरडा असेल तरी २०९. आणि ओला असेल तर २७० च्या आसपास. २७०! तुमच्या बर्नरला कदाचित जमेल पण ड्रायरमधून निघणारा गरम वायू बॅग फिल्टरच्या पिशव्यांतून जातो आणि त्या पिशव्या साधारण २०० पर्यंतच्याच असतात. वर एवढ्या तापलेल्या खडीवर नवीन डांबर पडलं की ते तिथल्या तिथे म्हातारं होणार, म्हणजे जुनं डांबर तरुण करायला जाऊन नवीन म्हातारं केलं. म्हणून ३० ला नाही म्हणालो. ३० किंवा ५० टाकणारे प्लांट आहेत, पण त्यांना जुना माल तापवायला वेगळा ड्रम असतो, ज्वाळेपासून लांब, नाहीतर मधे कॉलर असलेला ड्रम. तुमच्याकडे थेट पगमिलला फीडर आहे असं दिसतंय. आणि ज्यांच्याकडे साधा ड्रम मिक्स आहे (तापवणं आणि मिसळणं एकाच ड्रममध्ये) त्यांनी ज्वाळेसमोर जुना माल टाकायचा प्रयोग करू नये, चिमणीतून निळा धूर येतो म्हणजे डांबर जळतंय, गावकरी प्लांटवर येतील ते वेगळं.

पाच टक्के ओला कशावरून म्हणाल. मिलिंग मशीन दात थंड ठेवायला पाणी मारत असते, माल ओलाच येतो. वर आपला पाऊस. प्लांट जूनला बंद, ऑक्टोबरला चालू, मधले चार महिने ढीग भिजतोय. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं. एप्रिल-मेमध्ये १२ टक्क्यांनी सुंदर काम झालं, सगळे खूश, उरलेला ढीग तसाच ठेवून पावसाळा काढला आणि दिवाळीनंतर त्याच डिझाइनने, त्याच सेटिंगला काम सुरू केलं. पहिल्या दिवशी पगमिलचं झाकण वाफेने वर उडत होतं, लोक म्हणाले पाऊस अजून गेला नाही वाटतं आणि हसले. मिक्स साइटवर १२० ला पोचलं, त्यात लिंबाएवढे न विरघळलेले गोळे, पेव्हरचा स्क्रीड (मिक्स सपाट करणारी मागची पट्टी) ते ओढत नेत होता आणि मागे रेघा. मी तिथेच उभा होतो आणि थांबवलं नाही कारण चार डंपर रांगेत होते. पुढच्या पावसाळ्यात बरोबर तेवढ्याच दोनशे मीटरात खडी सुटली. आमच्या खर्चाने परत केलं, बरोबरच होतं ते.

मग झाकायचं कसं. ताडपत्री? नको. ऐकायला विचित्र वाटेल पण ताडपत्रीखाली ऊन पडलं की आतलं पाणी वाफ होऊन वरच साचतं आणि परत ढिगात, घाम सुटल्यासारखं, शिवाय माल तापून गोळा होतो. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड सगळ्यात चांगली. दीडशे-दोनशे टनाची शेड पुरते, कारण चाळलेला चार-पाच दिवसांचा मालच तिथे ठेवायचा, मोठा ढीग न चाळता बाहेर उंच रचून ठेवायचा. उंच ढिगाच्या वर ऊन्हाने आठ-दहा इंचांची साय धरते, कडक, पाऊस तिच्यावरून बराचसा ओघळून जातो. फक्त त्यावर लोडर चढवायचा नाही. खाली जमीन पक्की आणि उताराची, नाहीतर बुडाचा माल चिखलातच बसणार आणि लोडरवाला शेवटची बकेट मातीसकट उचलणार, तो उचलणारच, त्याला कितीही सांगा.

साहेबांबद्दल. चिडू नका त्यांच्यावर. जुना माल म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर जे येतं ते ठेकेदाराने रात्री गपचूप टाकलेला कचरा, आणि तसे लोक आहेतच आपल्यात. तुम्ही समोर कागद ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:१२०-२०१५ ही डांबरी रस्त्यांच्या रिसायकलिंगचीच आहे, आयआरसी:३७-२०१८ मध्ये रस्त्याच्या जाडीचं डिझाइन करताना फोम (फुगवलेलं डांबर) किंवा इमल्शनने (पाण्यात विरवलेलं डांबर) बांधलेला जुन्या मालाचा थर धरता येतो, रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्येही रिसायकलिंग आहे. म्हणजे बंदी कुठेच नाही. पण टेंडरमध्ये काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच कामात मिलिंगचा माल खात्याचा असतो किंवा त्याची किंमत तुमच्या बिलातून वजा धरलेली असते, बऱ्याच कामात काहीच लिहिलेलं नसतं आणि तिथेच भांडणं होतात. जे काही करायचं ते लेखी परवानगी घेऊन, मिक्स डिझाइन मंजूर करून, शंभर-दोनशे मीटरचा ट्रायल पट्टा टाकून. डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे मुदतीत बिघडलं तर दुरुस्तीची जबाबदारी, तुमच्यावर आहे, साहेबांवर नाही, हे विसरू नका.

आणि डिझाइन दाखवताना एका सापळ्यात अडकू नका. मार्शल स्टॅबिलिटी, म्हणजे मिक्सचा गोळा किती भाराला मोडतो. कमीत कमी ९ किलोन्यूटन लागते, जुन्या मालाचं मिक्स सहज १४-१५ देतं, ठेकेदार रिपोर्ट फडकावत सांगतो बघा नवीनपेक्षा मजबूत. अहो ते मजबूत नाही, ते कडक आहे. चिक्कीपण कडक असते, वाकवली की तुकडे. आपल्या रस्त्यांना वरून ट्रकने वाकायचं असतं दिवसाला हजारो वेळा. म्हणून स्टॅबिलिटी जरा बाजूला ठेवा, फ्लो, म्हणजे मोडेपर्यंत गोळा किती दबतो, २ ते ४ एमएममध्ये आहे का ते बघा आणि पाण्याची टेस्ट, म्हणजे भिजवलेल्या गोळ्याची ताणशक्ती कोरड्याच्या ८० टक्के तरी येते का. ही दुसरी टेस्ट लोक टाळतात, वेळ लागतो म्हणून. कोकणात, घाटात काम असेल तर मी तीच पहिली करीन. स्टॅबिलिटी फार वर गेली की मला तर काळजी वाटते.

रोलिंगबद्दल फार सांगत नाही, एवढंच की हे मिक्स नेहमीपेक्षा जरा लवकर ताठ होतं, म्हणून प्लांट ते साइट अंतर एक तासापेक्षा जास्त नको आणि डंपरवर ताडपत्री हवीच (इथे हवी!), आणि रोलर पेव्हरच्या मागेच राहू द्या, चहाला गेला तर घनता गेली.

आता पैसे. टनभर मिक्समध्ये १५ टक्के म्हणजे १५० किलो जुना माल, त्यात पावणेसात किलो डांबर, माझ्या हिशेबाने पाच किलोच धरा, अडीचशे रुपये. खडी वाचली दीडशे किलोच्या आत-बाहेर, तुमच्या भागात क्रशरचा जो भाव असेल त्याने ऐंशी-शंभर रुपये. म्हणजे टनामागे तीन-साडेतीनशे. १० किमी, ७ मीटर रुंद, ५० एमएम डीबीएमला साधारण ८,२०० टन मिक्स लागेल, त्याला १५ टक्क्यांनी १,२३० टन जुना माल, म्हणजे तुमचा ढीग बरोबर तेवढाच आहे, पण त्यातला अर्धा जेसीबीचा म्हणालात तर हातात ६०० टनच राहिला, म्हणजे ७ ते ८ टक्क्यांनी पुरेल. बघा, ३० टक्क्यांचा प्रश्नच उरला नाही. ७-८ टक्क्यांनी टाका, ग्रेड बदलायची भानगड नाही, खडी १७० च्या आतबाहेर, प्लांटला ताप नाही, साहेबांनाही पटेल. चाळणं, शेड, लॅब वजा जाता फार मोठी रक्कम सुटणार नाही या वर्षी, पण तुमच्या माणसांचा हात बसेल, तो पुढच्या कामाला उपयोगी.

बीसीत टाकू का असंही विचारलंय शेवटी. या वर्षी नको. वरचा थर ऊन-पाऊस-चाकं सगळं झेलतो, चूक झाली तर तिथे पहिल्यांदा दिसते. डीबीएममध्ये शिका.

जेसीबीच्या ६०० टनाचं काय, तर तो थंडच वापरा. त्याला ४० एमएमच्या खाली फोडून, थोडी नवीन डस्ट आणि एक टक्का सिमेंट घालून, स्लो सेटिंग इमल्शनने डब्ल्यूएमएमच्या प्लांटमध्ये किंवा पगमिलमध्ये न तापवता मिसळता येतो आणि बेसचा चांगला थर होतो. मातीचं प्रमाण जास्त असेल तर आधी ते बघा, चिकणमाती असली तर इमल्शन तिथेच फाटतं. मोठ्या कामांवर इमल्शनच्या जागी फोम वापरतात. ती गंमत एकदा बघण्यासारखी आहे, १६०-१७० डिग्रीच्या डांबरात दोनेक टक्के थंड पाणी दाबाने सोडतात आणि ते दूध उतू जावं तसं दहा-पंधरा पट फुगतं, काही सेकंदच, तेवढ्या वेळात ओल्या थंड खडीवर मारायचं, बारीक कणांना धरून बसतं. ही कल्पना आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापक चान्यी यांची, १९५६ ची, ते वाफ वापरायचे, पुढे १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात मोबिलने थंड पाण्यावर आणली म्हणून साइटवर वापरता यायला लागली. अशा थराची पास-नापासची फुटपट्टी वेगळी, ताणशक्ती कोरडी २२५ आणि भिजवून १०० किलोपास्कल तरी हवी. उत्तर प्रदेशात ग्रामसडकेच्या कामात तर रस्ता तिथल्या तिथेच पूर्ण खोलीपर्यंत दळून, सिमेंट आणि अ‍ॅडिटिव्ह मिसळून परत दाबतात, एफडीआर म्हणतात त्याला, खडीची खाण लांब असलेल्या भागात त्याचा फायदा सरळ दिसतो. आपल्याकडे दर दोन तालुक्यांना क्रशर आहे म्हणून आपल्याला दगडाची किंमत कळत नाही.

एवढंही जमत नसेल तर जवळच्या ग्रामपंचायतीला विचारा, पाणंद रस्त्यावर किंवा साईडपट्टीला दहा सेंटिमीटर पसरून भर दुपारी उन्हात रोलर फिरवला की बऱ्यापैकी बसतं, धूळ उडत नाही, पावसात चिखल होत नाही. डांबराचा खरा उपयोग झाला नाही हे मान्य, पण ओढ्याकाठी ओतून देण्यापेक्षा हजारपट बरं. ते ओतणं बघितलं की माझं डोकं फिरतं.

बाहेर काय करतात हे विचारलंत म्हणून. १९७३ ला तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेने हे मनावर घेतलं, आज तिथल्या मिक्समध्ये सरासरी पाचवा हिस्सा जुना माल असतो, जपानमध्ये तर निम्म्याच्या आसपास. जपानला ते जमतं कारण तिथे जुना माल तापवायचे वेगळे ड्रम आहेत, ढीग छपराखाली असतात आणि जुन्या मालाचं डांबर किती कडक झालंय ते तपासूनच आत घेतात. नेदरलँड्समध्ये जुन्या रस्त्यांत कोळशाचा टार सापडला तर तो परत रस्त्यात घालू देत नाहीत, भट्टीत जाळून खडी साफ करतात, कारण त्यात कॅन्सर करणारे घटक असतात. आपल्या मालात बहुतेक पेट्रोलियमचं डांबरच असतं, टार आणि डांबर आपण बोलताना एकच म्हणतो म्हणून गोंधळ होतो एवढंच.

आणि हो, एक फायदा लोक हिशेबात धरतच नाहीत. खरवडलं की रस्ता वर चढत नाही. आपल्या प्रत्येक शहरात असे रस्ते आहेत जिथे थरावर थर टाकून रस्ता सोसायटीच्या गेटपेक्षा फूटभर वर गेलाय, दुकानात शिरताना एक पायरी उतरावी लागते आणि पहिल्या मोठ्या पावसाला पाणी सरळ आत. चार सेंटिमीटर काढा, चार घाला, उंची तीच, मॅनहोलची झाकणं परत उचलायची कटकट नाही. हे एवढं एक कारण नगरपालिकेच्या साहेबांना सांगून बघा, डांबराच्या बचतीपेक्षा लवकर पटतं, कारण पाणी शिरलं की फोन त्यांना येतात.

तर आता या आठवड्यात एवढंच करा, दोन ढीग वेगळे करा, मिलिंगच्या ढिगातून सहा जागांचं सॅम्पल घेऊन ओलावा, डांबर आणि ग्रेडिंग काढा, आकडे इथे टाका, मग ७ की ८ ते बघू. फीडरच्या पट्ट्यावर वजनकाटा आहे का नुसताच गेट आहे तेही लिहा. आणि चालू करण्याआधी फीडरवर एक लोखंडी जाळी आणि चुंबक लावून घ्या, आमच्या ढिगातून एकदा मॅनहोलच्या झाकणाचा अर्धा तुकडा निघाला होता, मिलिंगवाल्याने सांगितलं नव्हतं, आम्हाला कळलं ते कन्व्हेयरचा पट्टा बारा फूट फाटल्यावर.